कान मोकळे आहेत हो!

माननीय संपादक,
नमस्कार. तुमच्याकडे येणारी पत्रं बहुतेक खड्डे आणि ट्रॅफिकची असतात, हे जरा वेगळं आहे, जमलं तर छापा.

माझं शुक्रवार पेठेत फॉल-पिकोचं दुकान आहे, दुकान कसलं, जिन्याखालची जागा. पिकोचं मशीन चालू असलं की शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही, पण फॉलचं तसं नाही. खालची कड मशीनवर मारली की वरची कड हातानेच हेमिंग करावी लागते, टाका इतका बारीक की साडीवर पुढून दिसता कामा नये. नीट करायचं तर एका साडीला तासभर जातोच. हात आणि डोळे अडकलेले, कान आणि डोकं रिकामं. आधी रेडिओ लावायचे पण त्यात गाणी कमी आणि जाहिराती जास्त, मग भाचीने मोबाईलवर लिब्रिवॉक्स लावून दिलं आणि तेव्हापासून मी कामावर पुस्तकं ऐकतेय. फुकट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 2005 मध्ये कॅनडात, मॉन्ट्रियलला ह्यू मॅकग्वायर नावाच्या माणसाने हे सुरू केलं. कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरातले हौशी लोक घरात बसून वाचतात, रेकॉर्ड करतात आणि सगळ्यांसाठी सोडून देतात. वाचणाऱ्याला पैसे मिळत नाहीत आणि ऐकणाऱ्याला द्यावे लागत नाहीत. मी मराठी मीडियमची, पहिले दोन महिने इंग्रजी सगळं डोक्यावरून गेलं, मग स्पीड कमी केला, आता जुन्या डिटेक्टिव्ह गोष्टी बऱ्यापैकी कळतात. गंमत म्हणजे एकाच पुस्तकात प्रकरण बदललं की कधीकधी माणूसही बदलतो, आत्ता खणखणीत आवाजाची बाई होती आणि लगेच कोणीतरी आजोबा घसा खाकरत सुरू करतात. मला ते आवडतं, घरातलं वाटतं. दर प्रकरणाआधी हे लिब्रिवॉक्सचं रेकॉर्डिंग आहे वगैरे येतं ते तर आरतीसारखं पाठ झालंय.

तोटा एकदाच झाला. खुनी कोण ते कळायच्या बेतात होतं आणि मी एका बाईंच्या पैठणीला फॉल चक्क पदराकडून लावत गेले. सगळा उसवायला अख्खी संध्याकाळ गेली, काठाला सुईची भोकं पडतायत की काय म्हणून जीव टांगणीला, आणि खुनी कोण ते त्या दिवशी ऐकलंच नाही.

आता मूळ मुद्दा. या साइटवर इंग्रजीचा नुसता डोंगर आहे, मराठी शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. यूट्यूबवर मराठी गोष्टी मिळतात पण बऱ्याच कॉम्प्युटरच्या आवाजातल्या, तो चहातला च आणि चमच्यातला च एकच म्हणतो, ऐकवत नाही. पैसे भरून ऐकायची ॲप्स आहेत, चांगलीही आहेत, पण एका फॉलचे मिळतात किती ते तुम्हाला माहीत आहे.

बरं, मराठीत पुस्तकं नाहीत असं थोडंच आहे! आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षांनी लेखन मोकळं होतं. ह. ना. आपटे 1919 साली गेले. पुण्यातच 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने यायच्या, म्हणजे एकेकाने एकेक प्रकरण वाचायला अगदी तयार माल. अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या आनंदाश्रमाचा कारभार ते बघायचे त्याच्यावरून मी रविवार पेठेतून फॉलचे गठ्ठे घेऊन येते आणि कानात मात्र लंडनचं धुकं! साने गुरुजींचं लेखनही इथे 2011 पासून मोकळं आहे, फक्त ही साइट अमेरिकेचा कायदा बघते, तिथे जुन्या पुस्तकांना छापल्यापासून 95 वर्षं धरतात, म्हणून त्यांची पुस्तकं तिकडे चढवायला अजून थांबावं लागेल. आपट्यांना काहीच अडचण नाही.

म्हणून पेठेतल्या, कोथरूडच्या, सहकारनगरच्या रिटायर्ड मंडळींना, शिक्षकांना तर खासच, विनंती आहे की एकेक प्रकरण वाचून द्या. ऑडिशन नसते, आधी एक मिनिटाचं टेस्ट रेकॉर्डिंग पाठवायचं, ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नातवंडं शिकवतील. ज्यांना वाचायचं नाही त्यांच्यासाठी दुसऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकून वाचताना कुठे चुकलं ते कळवायचंही काम असतं, आणि चुका काढायला पुण्यात माणसं कमी पडतील असं मला वाटत नाही. मी स्वतः दुकानात एक पान वाचून बघितलं, तिसऱ्या ओळीला भंगारवाला आला. रात्री अकरानंतर परत बघणार आहे.

कोणी सुरू केलं तर याच सदरात कळवा. लग्नसराईच्या एकतीस साड्या येऊन पडल्यात, सगळ्यांना फॉल लावायचाय.

एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे