येऊरची उपळसरी खणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. हे पत्र उपळसरी या औषधी वेलीसाठी लिहितो आहे. पुस्तकात तिला सारिवा म्हणतात, गिऱ्हाईक अनंतमूळ म्हणून मागतं.

यंदा उन्हाळा लागल्यापासून ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात सकाळी फिरायला जाणारी मंडळी पिशवीतून मातीने भरलेली ओली मुळं घेऊन दुकानात येतात, काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "बघा हो, हीच ना अनंतमूळ?" मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ फिरतो आहे. त्यात पान दाखवतात, मूळ कसं खणायचं ते दाखवतात आणि मुरुमांपासून मूतखड्यापर्यंत सगळ्यावर हा एकच उपाय सांगतात. येणारी माणसं शिकलेली, चांगल्या घरची आहेत. फिरायला निघताना खुरपं सोबत घेतात. हे पाहून फार वाईट वाटतं, म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट, उपळसरीत औषधाला लागतं ते मूळच. गुळवेलीचं खोड कापलं तरी वेल पुन्हा फुटते. अडुळशाची पानं खुडली तर झाडाला फारसं काही होत नाही. इथे मूळ घेतलं की वेलच गेली. शिवाय हे मूळ काही शतावरीसारखं घोसाने लागत नाही. लांब, बारीक, खडकाच्या फटीत शिरलेलं असतं. येऊरच्या मुरमाड उतारावर ते अख्खं निघतच नाही, मध्येच तुटतं. लोक आणतात ती बहुतेक सुतळीएवढी कोवळी मुळं असतात. वाळल्यावर त्यातून कामाची साल निघते ती चिमूटभर, आणि गुण सगळा त्या सालीतच. परवा एका गृहस्थांसमोर मी जून मुळी आणि त्यांनी आणलेली मुळी शेजारी शेजारी ठेवून दोन्ही नखाने खरवडल्या. जून मुळीची साल तपकिरी, आडव्या चिरा पडलेली, खरवडताच व्हॅनिलासारखा गोड वास सुटला. आतली पिवळसर काडी वेगळी काढून हुंगायला दिली, तिला वास नव्हता. त्यांच्या मुळीला साल अशी जवळपास नव्हतीच. त्यांचा चेहरा उतरला, पण तोवर वेल उपटून झाली होती. (हा वास व्हॅनिलासारखा असण्याला कारण आहे. मुळीतलं सुगंधी द्रव्य आणि व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिन यांचे घटक तेच आहेत, रचना तेवढी वेगळी.)

दुसरी गोष्ट ओळखीची. "पान तोडलं, चीक आला, म्हणजे उपळसरी" हे त्या व्हिडिओचं म्हणणं धोक्याचं आहे. चीक याच कुळातल्या कितीतरी वेलींना येतो. उतरणीला येतो, कृष्णसारिवा म्हणून विकल्या जाणाऱ्या वेलींना येतो आणि रबरवेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परदेशी वेलीलाही येतो. ही रबरवेल बागांतून सुटून रानात आणि पडीक जागेत पसरली आहे. ती विषारी आहे, तिच्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. उपळसरीचं पान गडद हिरवं, मधल्या शिरेला धरून पांढरट पट्टा, पानं समोरासमोर. पण एकाच वेलीवर खाली गवतासारखी निमुळती पानं आणि वर चांगली रुंद पानं असतात. तिथेच जाणतेही क्षणभर थांबतात. शेवटी खात्री मुळाच्या वासानेच होते आणि वास घ्यायचा तर आधी वेल खणावी लागते. म्हणजे हौशी माणूस ओळख पटवण्यासाठीच वेलींमागून वेली मारत जातो.

वासावरही डोळे मिटून विसंबू नये, हे आमच्या धंद्यातलं सांगतो. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूकडून एक जाड, मांसल मूळ येतं. तिकडे त्याचं ताकातलं लोणचं घालतात. त्याला हाच वास असतो, म्हणून अनंतमुळाच्या नावाखाली ते खपवलं जातं. त्याची वेल वेगळी आणि तिकडच्या जंगलात तीही खणून खणून दुर्मिळ झाली आहे. म्हणून घ्यायचंच तर चूर्ण घेऊ नका, अख्खी मुळी घ्या. अस्सल उपळसरी बारीक, नागमोडी, जुडी बांधून येते.

तिसरी गोष्ट कायद्याची. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून असं काही खणून नेणं हा गुन्हा आहे. "एक वेल घेतली तर काय होतं" असं म्हणणारे रोज सकाळी किती जण वर चढतात, ते येऊरच्या पायथ्याच्या उपवन तलावापाशी उभं राहून कोणीही पाहावं.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर माझं बोट भलत्याच माणसांकडे वळेल. शहापूर, मुरबाडकडच्या ज्या ठाकूर, कातकरी बाया आमच्याकडे जुड्या घेऊन येतात, त्यांच्याबद्दल हे पत्र नाही. त्यांच्या रानातल्या गौण वनोपजावर (म्हणजे लाकूड सोडून मुळं, पानं वगैरेंवर) २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा हक्क मानला आहे आणि काढावं कसं हेही त्यांनाच ठाऊक आहे. शेंगा उकलून आतल्या केसाळ बिया, म्हणजे म्हाताऱ्या, उडाल्याशिवाय त्या बाया वेलीला हात लावत नाहीत. बुंध्याकडचा डोळ्याचा, म्हणजे कोंब फुटणारा, भाग परत मातीत दाबतात. त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "शेट, सगला खनला तर पुढल्या साली काय आनू?" गेल्या काही वर्षांत त्यांच्या जुड्याही बारीक होत चालल्या आहेत, हे मी तराजूवर पाहतो.

मुळीची थोरवी मला नव्याने सांगायला नको. चरकाने सारिवा ज्वरहर, दाहप्रशमन, वर्ण्य (कांतीसाठी), कंठ्य (घशासाठी) अशा कितीतरी गणांत, म्हणजे औषधांच्या गटांत, घेतली आहे. सुश्रुताचा तर सारिवादि गणच आहे. १८६४ च्या ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे तिकडच्या अधिकृत औषधसूचीतही, ती मुळी होती. पण चरकाचा हा आधार म्हणजे व्हिडिओतल्या दाव्यांचा दाखला नव्हे. मी दुकानदार आहे, वैद्य नाही. मूतखड्याला किंवा रक्तातल्या साखरेला काय घ्यावं ते मी कोणालाच सांगत नाही, वैद्यांची चिठ्ठी मागतो. उन्हाळ्यात घरी थंड म्हणून घ्यायची तर साधी रीत आहे. मुळी ठेचून सहापट पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी गाळून खडीसाखर घालून घ्यावी. शास्त्रात याला हिम म्हणतात. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे अर्धा तास खळखळ उकळली तर तो सुगंध वाफेवर निघून जातो आणि ज्यासाठी वेलीचा जीव घेतला ते भांड्यात उरत नाही.

आता मागणं. उद्यानाच्या येऊर प्रवेशद्वारावर ठळक मराठीत, उपळसरीच्या चित्रासह, मुळं खणण्यास मनाई असल्याचा फलक लावावा आणि सकाळच्या वेळी पिशव्या तपासाव्यात. ठाणे महापालिकेच्या रोपवाटिकेत उपळसरीची रोपं तयार करून नागरिकांना द्यावीत. ती खोडाच्या छाटापासून होते, डोळा असलेल्या मुळाच्या तुकड्यापासून होते. खोल कुंडी, निचऱ्याची माती आणि चढायला एक काठी एवढं पुरतं. मूळ कामाचं व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात, तेवढा धीर मात्र धरावा लागेल.

रोपवाटिकेसाठी सुरुवातीचे ओले, डोळ्याचे तुकडे शहापूरच्या त्या मावश्यांकडून रीतसर मोबदला देऊन घ्यावेत. ती व्यवस्था मी बिनमोबदला करून देईन. लागवड पहिल्या पावसात व्हायला हवी, त्यामुळे वनखात्याने आणि महापालिकेने निर्णय मे महिन्यातच घ्यावा.

आपला,
एक काष्ठौषधी विक्रेता,
ठाणे (पश्चिम)