बाबा, मोऱ्याचं जू आठवतं का?

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, त्या दिवशी फोनवर मी नुसतं "बघतो" म्हणालो आणि कापसाच्या भावावर विषय नेला. तुम्ही बोलायला लागलात की माझं तोंड अजून आठवीतल्या पोरासारखं बंद होतं, म्हणून हे पत्र. मी बॉक्सिंग सोडायचं म्हणालो, त्यावरचं तुमचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही : "एक डाव अजून खेळ, मंग सोड. सोनं घेऊनच उतर." पानठेल्यावर तुम्ही तसं सांगूनही बसला आहात, ते काकांकडून कळलं.

मला 38 पूर्ण झाली. नियमाने 40 पर्यंत खेळता येतं, म्हणजे कागदावर तुमचं बरोबर आहे.

तुम्ही मला त्या अमेरिकन बॉक्सरचा, जॉर्ज फोरमनचा दाखला देता. तो मीच तुम्हाला दिला होता, आता माझ्याच अंगावर आला. 5 नोव्हेंबर 1994 ला, वयाच्या 45 व्या वर्षी त्याने 26 वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं केलं. अंगात तीच लाल चड्डी, जी 20 वर्षांपूर्वी मुहम्मद अलीच्या हातून हरताना होती. गोष्ट खरी, पण मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. 1977 ते 1987 तो रिंगमध्ये उतरलाच नाही, चर्चमध्ये प्रवचनं देत होता. दहा वर्षं डोक्याला आराम. शिवाय तो हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातला, त्याला एक ठोसा पुरतो. मूररसमोरही गुणांवर तो मागेच होता, त्या एका ठोशाने तारलं. माझ्या वजनात पायांवर जिंकावं लागतं, आणि माझे पाय आता उशिरा ऐकतात.

मेरी कोमचं म्हणाल, तर तिच्याबद्दल मी काय बोलणार! लेकरांची आई होऊन 2018 ला दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण घेतलं. टोकियोत 38 व्या वर्षी 3-2 ने हरली. पाचातल्या एका पंचाने जरी कौल फिरवला असता तर निकाल उलटा होता. पण बाबा, तशी ती एकटीच आहे. आपण गावात एखाद्याला एकरी वीस क्विंटल झालं की तोच हिशोब आपल्या वावराला लावतो, आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मला अली आठवतो. 1996 चा जुलै. पाऊस लागला होता, डवरे बंद होते, आणि आपण सरपंचांच्या घरी टीव्हीवर अटलांटाचं ऑलिंपिक बघत बसलो होतो. मी नऊ वर्षांचा. तो पांढऱ्या कपड्यातला धिप्पाड माणूस मशाल धरून उभा होता आणि त्याचा हात लटलट कापत होता. तुम्ही विचारलं होतं, "थंडी वाजून राह्यली का त्याले?" मास्तरांनी सांगितलं, कंपवात आहे. तुम्ही घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. पुढे मी बॉक्सिंगला जातो म्हणालो, तेव्हा आईआधी तुम्हीच दोन दिवस जेवला नव्हतात. विसरलात?

2 ऑक्टोबर 1980 ला लास वेगासमध्ये अली लॅरी होम्ससमोर उतरला, तेव्हा तोही 38 चाच होता. होम्स पूर्वी त्याचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्यांत अलीला एकही घेता आली नाही. शेवटी त्याच्या प्रशिक्षकाने, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी बहामाजमध्ये तो पुन्हा उतरला आणि पुन्हा हरला. कंपवाताचं निदान 1984 चं. तो आजार ठोशांनीच झाला का, यावर डॉक्टर आजही भांडतात. मला भांडायचं नाही. मला फक्त तो हात आठवतो.

आता माझं सांगतो. आई, हे वाचून रडत बसू नको.

मागच्या शिबिरात एका बावीस वर्षांच्या पोरासोबत स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत होती. त्याचा डावा हूक, बाजूने येणारा ठोसा, मला दिसला. खांदा हलला तेव्हाच कळलं की येतोय. पूर्वी दिसला की मान आपोआप सरकायची. या वेळी दिसला आणि लागला. मी पडलो नाही, कोणाला काही कळलंही नाही. पण पुढच्या रविवारी मी तुम्हाला फोन केला तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगितली. बाबा, तुम्ही दोन्ही वेळा "हो हो" म्हणालात. आई दुसऱ्या वेळी गप्प झाली. ते गप्प होणं मला ऐकू आलं.

डॉक्टरांनी स्कॅन केला, स्वच्छ निघाला. मी खूश झालो, तर ते म्हणाले, यात खूश होण्यासारखं काही नाही. डोक्याला झटका बसला की आतला मेंदू हिंदकळतो, बारीक तंतू ताणले जातात, आणि ते स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. एखाद्या मोठ्या ठोशापेक्षा वर्षानुवर्षांचे लहान लहान ठोसे साठत जातात. त्यात वजन उतरवायला शेवटचे दोन दिवस आम्ही पाणी तोडतो. पुरुषांचे हेडगार्डही 2013 पासून गेले. मी दोन्ही जमाने खेळलो आहे.

तरी खरं सांगू? रोज सकाळी हाताला पट्टी बांधली की वाटतं, अजून आहे. बॉक्सरला स्वतःला कधी कळतच नाही. 1975 ला मनिलात अलीशी लढताना चौदा फेऱ्यांनंतर बॉक्सर जो फ्रेझर याचे डोळे सुजून मिटत आले होते, तरी तो पंधरावी खेळायला उठत होता. त्याच्या कॉर्नरमधल्या प्रशिक्षकाने, एडी फचने, त्याला उठू दिलं नाही. समोरचा अलीही संपलाच होता, म्हणून लोक आजही म्हणतात की फचने घाई केली. मला नाही वाटत.

बाबा, मोऱ्या आठवतो? डवरणीला धुऱ्यावर वळताना तो डाव्या पायावर भार द्यायला कचरायचा. मला दिसलं नव्हतं, सालदारालाही नाही. तुम्ही अर्ध्या वावरातच जू उतरवलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणालात, "झालं बाप्पा, चाल घरी." शेजारचे हसले होते. अजून दोन हंगाम निघाले असते म्हणाले. व्यापारी चांगला भाव देत होता. तुम्ही उरलेलं वावर दुसऱ्याचा बैल मागून आणून डवरलं. मोऱ्या पुढे चार वर्षं कोठ्यात कुटार खात बसला, आणि दर पोळ्याला शिंगं रंगवून तुम्ही त्याला तोरणाखाली उभं केलंच.

"तू काय बैल हायेस का?" असं म्हणाल. म्हणा.

नोकरी आहे, पगार चालू राहील. पतियाळाला प्रशिक्षकाचा कोर्स करायचं मनात आहे. आपल्या भागात पोरं कमी नाहीत. नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला युवा गटात जगज्जेती झाली, ती काय आभाळातून पडली नव्हती. मग गावातल्या फ्लेक्सवर माझा फोटो नसला तरी चालेल. तुम्हाला पानठेल्यावर चार दिवस अवघड जाईल, एवढंच.

पुढच्या स्पर्धेचा फॉर्म मी अजून भरलेला नाही, फाडलेलाही नाही. शेवटची तारीख 20. त्याआधी दोघं इकडे या. सकाळच्या एसटीने निघालात तर दुपारपर्यंत पोहोचाल, मी स्टँडवर येतो. संध्याकाळी मी पोरांसोबत तीन फेऱ्या खेळेन. तुम्ही कॉर्नरला खुर्ची टाकून बसा, ठोसे मोजू नका, माझे पाय बघा. वळताना बघा. मग जे दिसेल ते सांगा. मी मध्ये बोलणार नाही.

येताना तिळाची चटणी आणा. गाईला दोन दिवस काका बघतील, त्यांच्याशी बोललो आहे.

तुमचा,
बाळू