मित्रभाव रस्त्यावरून

खॉन कॅन, थायलंड
२२ सप्टेंबर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

"तुझं बरं आहे, तिकडं कुठल्या तरी आडगावात मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवतोस," असं तू मागच्या आठवड्यात हिंजवडीच्या कोंडीत बसून टाईप केलंस. ते वाचलं तेव्हा मीही गाडीतच होतो, इंजिन बंद करून. पुढच्या पिकअपच्या हौद्यात एक तपकिरी कुत्रं बसलं होतं आणि आम्ही दोघं वीस-पंचवीस मिनिटं एकमेकांकडं बघत होतो. शेवटी त्यालाच कंटाळा आला, त्यानं तोंड फिरवलं. तेव्हाच ठरवलं, बापूला एकदा सविस्तर लिहायचं. या पत्राचा निम्मा मजकूर मी स्टिअरिंगवर हात ठेवून मनातल्या मनात जुळवलाय, तेव्हा लांबलं तर दोष रस्त्याचा.

आधी गावाचं नाव. आई अजूनही फोनवर 'कोणकोण' म्हणते. खॉन कॅन. बँकॉकपासून साडेचारशे किलोमीटर, ईशान्येला. या सगळ्या भागालाच 'ईसान' म्हणतात, आपली ईशान दिशाच ती. इथं आल्यापासून मला शब्द सोलत बसायचा चाळा लागलाय आणि त्याला निवांत वेळ मिळतो तो कोंडीतच. कोंडीला थाई लोक 'रोत तित' म्हणतात. रोत म्हणजे रथ आणि तित म्हणजे चिकटला, अडकला. हे कळलं त्या दिवशी मला थेट कर्ण आठवला. फरक एवढाच, की इथं खाली उतरून चाक उपसायला कुणी जात नाही. सगळे कर्ण एसी लावून शांत बसून असतात.

आणि ज्या रस्त्यावर हे रथ अडकतात त्याचं नाव ऐक. बोलताना 'मित्तफाप', पण लिहितात ती अक्षरं उलगडली तर मित्रभाव! अमेरिकेच्या मदतीनं बांधला म्हणून मैत्रीचं नाव दिलं. सराबुरी ते नाखोन रात्चसिमा हा पहिला टप्पा १९५८ मध्ये खुला झाला, पुढं तो आमच्या गावावरून लाओसच्या सीमेवर नाँग खायपर्यंत गेला. तर असा मी इतकी वर्षं मित्रभावात अडकत आलोय, आणि तू म्हणतोस मी पत्र लिहीत नाही.

गाव आडगाव नाही रे. फील्ड मार्शल सरित यांच्या राजवटीत, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, ईशान्येचं केंद्र म्हणून हे शहर निवडलं गेलं. १९६४ मध्ये विद्यापीठ आलं, त्याच्या आवारात मोठं रुग्णालय उभं राहिलं. आता सगळ्या ईसानमधून पेशंट इथंच येतात, जसे आपल्याकडं चार जिल्ह्यांतून मिरजेला यायचे. सरकारी कचेऱ्या इथं, बँकांची मोठी ऑफिसं इथं, २००९ साली मोठा मॉल आला तोही इथंच. त्यात उत्तर-दक्षिण जाणारा २ नंबरचा हमरस्ता, म्हणजे हाच मित्रभाव, आणि पूर्व-पश्चिम जाणारा १२ नंबरचा, हे दोन्ही गावातच एकमेकांना छेदतात. जुनं गाव रस्त्याच्या पूर्वेला, विद्यापीठ पश्चिमेला. इकडच्याला तिकडं जायचं तर मित्रभाव ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी २०१३ साली आलो तेव्हा हे असं नव्हतं, निदान मला तसं वाटायचं. आमचा साखर कारखाना शहराच्या उत्तरेला, घर गावात. पहिलं वर्षभर मी गावात सॉन्गथॅवनं फिरायचो. सॉन्गथॅव म्हणजे दोन ओळी. पिकअपच्या हौद्यावर छप्पर टाकून समोरासमोर दोन बाकडी. आपलं वडाप! फक्त इथं टपावर कोण बसत नाही आणि "चला इस्लामपूर, इस्लामपूर" असं ओरडायला क्लीनर नाही. गाडीवर नंबर असतो, छपराला बटण असतं, ते दाबलं की गाडी थांबते, उतरून ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन पैसे द्यायचे. मला फार आवडायचं. समोरच्या आजीबाईच्या पिशवीतून चिकट भाताचा वास येतोय, कॉलेजची पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसलीत, आणि मागच्या उघड्या बाजूनं गाव मागं मागं सरकतंय.

मग मी गाडी का घेतली? सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. अंधार पडला की सॉन्गथॅव विरळ व्हायच्या. गाळप हंगामात माझी सुटका कधी रात्री नऊला, कधी अकराला. त्यात पोरगी झाली. कारखान्यातल्या बहुतेक सगळ्या सहकाऱ्यांकडं नव्या गाड्या होत्या, कारण मी यायच्या आधीच, २०११-१२ मध्ये, सरकारनं पहिली गाडी घेणाऱ्याला एक लाख बातपर्यंत (बात म्हणजे इथलं चलन) कर परत द्यायची योजना काढली होती. देशभरात बारा लाखांवर लोकांनी तिच्यासाठी अर्ज केले. मी आलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत हप्त्यांशिवाय दुसरा विषय नसायचा. मलाही एकदा वाटलं, आपणच का मागं? घेतली. नव्या गाडीला इथं आधी लाल नंबरप्लेट मिळते, ती लावून मी पहिल्यांदा मित्रभावावर आलो तेव्हा काय छाती फुगली होती म्हणून सांगू!

आता हिशोब बघ. मी सॉन्गथॅवमधून उतरलो, माझ्यासारखे अजून शेकडो उतरले. बाकडी रिकामी पडली, म्हणून फेऱ्या कमी झाल्या. फेऱ्या कमी झाल्या म्हणून समोरच्या आजीबाईच्या नातवानं हप्त्यावर स्कूटर घेतली. मागच्या वर्षी सिग्नलला एक सॉन्गथॅव माझ्या शेजारी उभी होती. आत एकच बाई. आणि तिच्या पुढं-मागं आम्ही सगळे, एकेका गाडीत एकेक जण. मी कोंडीत अडकतो असं मी आठ-नऊ वर्षं म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की माझ्या मागचा माणूस माझ्याकडं बघून तेच म्हणत असणार.

सकाळची कोंडी कशी असते तेही सांगतो. इथल्या शाळेत आठला झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं. म्हणजे त्याआधी पोरगं रांगेत उभं पाहिजे. मग सात ते आठ या एका तासात अख्खं गाव आपापलं पोर घेऊन रस्त्यावर उतरतं. आठच्या ठोक्याला राष्ट्रगीत लागलं की लोक असतील तिथं स्तब्ध उभे राहतात. मित्रभावावर कुणाला वेगळं थांबावं लागत नाही, आम्ही आधीपासूनच स्तब्ध असतो.

आणि तरी हॉर्न नाही, बापू. हे तुला खोटं वाटेल. सिग्नलवरचे लाल आकडे शंभरच्या वरून उलटे मोजत येतात, शेवटच्या आकड्याला पुढचा गडी मोबाईलमध्ये असतो, आणि मागचा कुणी ब्र काढत नाही. पहिल्या वर्षी मी सवयीनं एकदा वाजवला, तर बाजूच्या चार गाड्यांतली माणसं काच खाली करून बघायला लागली, अपघात झाला की काय म्हणून. म्हणून ते सगळे संत आहेत असं समजू नकोस. मधल्या दुभाजकामुळं वळायला यू-टर्न लांब, मग स्कूटरवाले सरळ कडेनं उलटे येतात. त्याला 'यॉन सॉन' म्हणतात. सॉन म्हणजे शर, रस्त्यावर रंगवलेला बाण. शराच्या उलट. अगदी हेल्मेट घालून, हळूहळू, हसऱ्या चेहऱ्यानं, पण उलटे. मी पुण्याचा असतो तर हसून सोडलं असतं, पण मी सांगलीचा, मला घामच फुटतो.

डिसेंबरात आमचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या येतात. दहा चाकी ट्रक, वर छपराच्या दुप्पट उंच ऊस, मागं एक मिणमिणता दिवा. तू आणि मी शाळेतून येताना बैलगाडीच्या मागं धावत कांड्या उपसायचो ना, तशी आता वेळ आली तर उपसायला धावायचीही गरज नाही. ट्रक तासन् तास तिथंच उभा असतो, हात लांब करायचा! शहराभोवती २३० नंबरचा रिंगरोड आहे, बऱ्याच गाड्या तिकडून जातात, पण रिंगरोडलाही आता गाव येऊन चिकटलंय. मजा अशी, की मी ज्याच्यामागं अडकतो तो ऊस कधी कधी माझ्याच गव्हाणीत येऊन पडणार असतो. त्याला उशीर म्हणजे मिल थांबणार, मिल थांबली की साहेब मला विचारणार. शिव्या द्यायच्या तर द्यायच्या कुणाला?

मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ मात्र लागली. चारला आभाळ फाटलं. अर्ध्या तासात सखल भागात गुडघाभर पाणी. मला साडेचारला पोरीला शाळेतून आणायचं होतं, मी पोचलो सहा पन्नासला. शेवटच्या अकरा किलोमीटरला दोन तास. फाटकात बाई तिच्याजवळ बसून होत्या, दोघी मिळून भात आणि भाजलेलं चिकन खात होत्या. मी हात जोडून सांगायला सुरुवात केली, तर बाईच म्हणाल्या, "रोत तित?" मी मान हलवली. विषय संपला. पोरगी मात्र गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, तू कालपण रोत तित म्हणालास." आणि काल मी खरं तर ऑफिसात गप्पा मारत बसलो होतो रे.

त्या रात्री बायको आणि मी बसून काही ठरवलं. पोरगी आता शाळेच्या व्हॅननं जाते, अकरा पोरं एका गाडीत. म्हणजे दहा गाड्या तरी रस्त्यावरून कमी, असं मी तिला ऐकवतो, तर ती म्हणते व्हॅनमध्ये गाणी छान लावतात. मी सव्वापाचला घर सोडतो. रस्ता तेव्हा खरंच मित्रासारखा वागतो. कारखान्याजवळ एक बाई पहाटे कोळशावर कोंबडी भाजते, तिच्याकडं खाऊन मी सहाला गेटवर. त्या बदल्यात चारला सुटतो. साहेबांना हे पटवायला तीन आठवडे लागले. आणि रविवारी गावात जायचं तर सॉन्गथॅव, मग उशीर होवो की काही होवो. बाकडी अजूनही रिकामीच असतात, पण बटण दाबायला पोरगी भांडते.

इथल्या लोकांनी काही केलं नाही असं नाही. उलट मला या गावाचं याच बाबतीत कौतुक वाटतं. २०१९ मध्ये रेल्वेचे रूळच उचलून खांबांवर नेले, दुपदरी केले, गावातली फाटकं गेली. त्याआधी २०१५ मध्ये गावातल्या वीस उद्योजकांनी मिळून वीस कोटी बात जमवले आणि कंपनी काढली, की बँकॉकच्या तोंडाकडं बघत न बसता आपली ट्राम आपण करू. मग शहर आणि आजूबाजूच्या मिळून पाच नगरपालिकांनी मिळून २०१७ मध्ये ट्रामची वेगळी कंपनी स्थापन केली. उत्तरेच्या सामरानपासून दक्षिणेच्या था फ्रापर्यंत, मित्रभावाच्या मधून. आपल्याकडं दोन ग्रामपंचायती पाणंदीवरून एकत्र येत नाहीत, आणि इथं पाच नगरपालिका! पण परवानग्या शेवटी राजधानीतूनच यायच्या. रूळ अजून पडलेला नाही. माझी पोरगी तान्ही होती तेव्हापासून मी त्या ट्रामची चित्रं बघतोय, त्यातली झाडंसुद्धा आता ओळखीची झालीत.

माझं मत विचारशील, तर ट्रामची वाट बघता बघता यांनी सॉन्गथॅव मरू दिल्या, ही चूक झाली. नवं येईस्तोवर जुनं जगवायला पाहिजे होतं. संध्याकाळच्या फेऱ्यांना थोडे पैसे दिले असते तर माझ्यासारखे चार मूर्ख कमी झाले असते. असो, मला कोण विचारतंय.

आता कामाचं. तू नोव्हेंबरच्या शेवटी येतोस म्हणालास, तेव्हाच ये, बदलू नकोस. २९ नोव्हेंबर ते १० डिसेंबर इथं रेशमाची जत्रा भरते, आणि तिच्यात 'फूक सियाव' असतं. फूक म्हणजे बांधणं, आणि सियाव हा ईसानी शब्द, जिवाभावाच्या दोस्ताला म्हणतात. दोघांच्या मनगटाला दोरे बांधतात, की झाले जन्माचे सियाव. बँकॉकवाले मात्र हाच शब्द 'गावंढळ' अशा अर्थानं वापरतात, जसं पुण्यात आपल्या 'भावा'ला हसायचे. आपण दोघांनी जाऊन बांधून घ्यायचा. एप्रिलचं मुळीच काढू नकोस. तेव्हा सोंगक्रान, म्हणजे यांची संक्रांत, बँकॉकमध्ये राबणारा सगळा ईसान एकदम घरी निघतो आणि मित्रभावावर खरोखरच संक्रांत येते.

बँकॉकहून विमान घेऊ नकोस. संध्याकाळी उतरलास तर विमानतळावरून घरी यायला विमानाइतकाच वेळ लागेल. रात्रीची रेल्वे घे, तिचं नावच 'ईसान मक्खा' आहे, ईशान मार्ग. पहाटे अंधारात पोचते. मी स्टेशनखाली उभा असेन, त्या वेळी गाव रिकामं असतं. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला दोन्ही पाठवा. पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नाना

ता. क. ते तपकिरी कुत्रं काल पुन्हा दिसलं. या वेळी त्याची गाडी माझ्या मागं होती.