आजीच्या औषधाबद्दल

आई,

आजीला परत युरिन इन्फेक्शन झालंय ते कळलं, आणि तुझा मेसेजही बघितला, की तुमच्या जॉर्जियात, तिबिलिसीत, जंतू खाणारे व्हायरस औषध म्हणून मिळतात तर दिवाळीला येताना दोन बॉक्स घेऊन ये. मिळतात गं, इथे मेडिकलमध्ये सरळ मिळतात, काचेच्या छोट्या बाटल्या असतात, आत पिवळसर पाण्यासारखं. फेज म्हणतात त्याला. इथली इलियावा इन्स्टिट्यूट १९२३ पासून यावरच काम करतेय, ती काढणाऱ्या खुद्द इलियावाला स्टालिनच्या काळात १९३७ ला गोळ्या घातल्या तरी संस्था टिकली, बाकीच्या बहुतेक जगाने पेनिसिलिन आल्यावर हे सगळं सोडून दिलं आणि आता अँटिबायोटिक लागू पडेनात तर सगळ्यांना आठवण झालीये.

आजीला सांग, १८९६ मध्ये हँकिन नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलंय की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, काही जण म्हणतात तेही फेजमुळेच असेल. (म्हणून देवघरातला गंगेचा गडू फोडून पाजू नकोस तिला!!)

पण मी आणणार नाहीये. एक फेज ठरावीक जंतूलाच धरतो, दुसरा शेजारी असला तरी ढुंकून बघत नाही, आणि आजीला नेमका कुठला जंतू आहे तेच अजून माहीत नाही. त्यात इथेच, तिबिलिसीत, प्रोस्टेटच्या ऑपरेशनच्या पेशंटना युरिन इन्फेक्शनसाठी थेट मूत्राशयात फेज सोडून बघितले होते, २०२१ मध्ये छापून आलं, नुसतं औषध नसलेलं पाणी सोडलेल्यांपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. मग मी कशाच्या जोरावर आणू?

उलट नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन ही जुनीच औषधं युरिनसाठी परत जोरात वापरतात, ती पुण्यात मिळतात, पण डॉक्टरांनी आजीची किडनी बघून ठरवायचं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या डब्यात असतील त्या आधी टाकून दे.

उद्या सकाळी गोळी सुरू करायच्या आत कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते बघायला, युरिनचं सँपल द्या, लॅबच्या स्टराइल डबीत, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार, आणि बाबांना सांग लगेच नेऊन द्यायला, पेपर वाचून झाल्यावर नाही. ताप, थंडी किंवा पाठ दुखायला लागली तर मात्र रिपोर्टची वाट बघू नका, सरळ डॉक्टर गाठा.

रिपोर्ट आला की फोटो टाक. पूर्ण पान येऊ दे, नेहमीसारखा खालचा भाग कापू नकोस, कुठलं औषध चालतंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

तुझी,
मनू