पाच कार्डं आणि एक अट

मँचेस्टर,
रविवार, संध्याकाळ

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, तू फोनवर विचारलंस, शनिवारी त्या लायब्ररीत तुम्ही करता तरी काय? बसमध्ये होते, धड सांगता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आमच्या वर्गातले काही जण मिळून लहान मुलांना कॉम्प्युटरची ओळख करून देतो. पैसे नाहीत, मार्कही नाहीत. अट एकच: मुलासोबत घरचं कुणीतरी हवं, आणि त्यानं सोडून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं. ही अट मला फार मोलाची वाटते. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात २०१४ पासून अगदी पहिल्या इयत्तेपासून कॉम्प्युटिंग आहे. पण घरी त्याबद्दल बोलायला कुणी नसेल, तर मुलाचं शिकणं शाळेतच राहतं.

सुरुवात कॉम्प्युटर न लावताच होते. पाच कार्डं, त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके. कार्ड एकतर उघडं नाहीतर पालथं. उघड्या कार्डांवरच्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे आपली संख्या. सगळी उघडली की ३१, त्यामुळे कुणाचीही जन्मतारीख त्यात बसते.

काल एक पंजाबी आजी नातीला घेऊन आल्या होत्या. मूळच्या लाहोरच्या. त्यांची उर्दू आणि माझी हिंदी, छान जमलं. आधी कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. नातीची तारीख २३. आजींनी १६ उघडलं, ८ उचललं, मनाशी बेरीज केली आणि मान हलवून पालथं ठेवलं. मग ४, २, १ भराभर उघडली. तोवर कोट खुर्चीच्या पाठीवर गेला होता! लगेच विचारतात, "और बत्तीस?" मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, ३२ ठिपक्यांचं आणखी एक कार्ड लागेल.

मग मी त्यांना याच शहराची गोष्ट सांगितली. २१ जून १९४८ ला इथल्या विद्यापीठात 'बेबी' नावाच्या यंत्रानं स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्राम जगात पहिल्यांदा चालवला. विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांनी ते बांधलं होतं. स्मृती किती, तर ३२ ओळी. म्हणजे कुठल्याही ओळीचा क्रमांक आजींच्या हातातल्या पाच कार्डांत मावला असता. २,६२,१४४ चा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्या यंत्राला ५२ मिनिटं लागली. उत्तर, म्हणजे निम्मे, सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पारखायचं होतं ते यंत्र. त्याची प्रतिकृती इथल्या संग्रहालयात आहे. तुम्ही आलात की पहिल्यांदा तिथंच नेणार.

शेवटी बीबीसी मायक्रोबिट नावाचा इवलासा कॉम्प्युटर देतो. तळहाताहून लहान पट्टी, २५ दिवे, दोन बटणं. मुलं स्क्रीनवर ठोकळे जुळवून हलवला की आकडा दाखवणारा फासा बनवतात. तिथं आमचा कडक नियम: माऊसला स्वयंसेवकानं हात लावायचा नाही. पोरगं अडलं तरी थांबायचं. तेवढ्यात ते शेजारच्या आईला नाहीतर बाबांना समजावू लागतं, आणि समजावता समजावता त्यालाच सापडतं.

आई, तुझ्या चौथीच्या वर्गाला हे सहज करता येईल. लाइट नसली तरी अडत नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कितीतरी खेळ तयार करून फुकट उपलब्ध करून दिलेत. पालकसभेच्या दिवशीच घे, म्हणजे आया आणि आज्याही रांगेत उभ्या राहतील. 'आम्हाला काय कळतंय त्यातलं' असं म्हणत मागं सरकणाऱ्यांना आधी पुढं बोलव.

बाबा, पुठ्ठे तुम्ही कापा आणि ठिपके जाड मार्करनं काढा, मागच्या बाकावरून दिसले पाहिजेत. १ चं कार्ड बघणाऱ्यांच्या उजव्या हाताला येऊ द्या. सगळ्यात आधी कुणाची तारीख मांडलीत ते मला कळवा.

तुमची,
धाकटी