अंगठी काढून ठेवणाऱ्या काकांना

काका,

त्या दिवशी तुमच्यासमोर मला धड आभारही मानता आले नाहीत. "बरं झालं हो," एवढंच पुटपुटलो आणि उगाच हात पुसत बसलो. राहून गेलेलं आता चारचौघांत लिहितोय.

बोनेटवरचा तो काळा रबराचा थर माझाच प्रताप. हवं तेव्हा सोलून काढता येतो, खालचा रंग जसाच्या तसा राहतो, असं ऐकून घरीच स्प्रे मारला. डबे वाचवायच्या नादात दोनच हात दिले, तेही विरळ. दिसायला झकास होतं, त्यामुळे आपण फारच हुशार असं वाटलं. काढायची वेळ आली तेव्हा हुशारी कळली. केळ्याच्या सालीसारखा निघेल म्हटलेला थर नखाएवढ्या तुकड्यांत सुटू लागला, उन्हानं करपलेल्या पाठीची कातडी सुटते तसा. दोन तास खरवडून तळहाताएवढी जागा मोकळी झाली.

मग वणवण. एकानं सांगितलं, सगळं बोनेट घासून नव्यानं रंगवा. दुसऱ्यानं लांबूनच पाहिलं, "असले उद्योग घरी करायचे कशाला?" असं ऐकवलं आणि फोन कानाला लावून आत गेला. तिसरा काहीच बोलला नाही, त्यानं सरळ पातं घेतलं. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, वीतभर ओरखडा. वर म्हणे, तो आधीपासूनच होता! त्यांच्या नजरेला कधी हे पडलंच तर त्यांनाही माझा नमस्कार. ओरखडा अजून आहे.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी निम्मा चिडलेला, निम्मा ओशाळलेला. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. आधी मनगटावरचं घड्याळ काढलंत. मग बोटातली अंगठी. ती इतकी रुतलेली की साबण लावून फिरवत फिरवत काढावी लागली. दोन्ही रुमालात गुंडाळून बाजूला ठेवलं, पट्ट्याचं बक्कल कमरेच्या कडेला सरकवलं आणि मगच बोनेटवर वाकलात. खरुज झालेल्या जनावरासारखी दिसत होती ती गाडी, काका. त्यात आणखी एक चरा गेला असता तर मला कळलंही नसतं. तरी तुम्ही अंगठी काढलीत. माझा राग तिथेच उतरला. थर निघाला नसता तरी हे पत्र लिहिलं असतं, बहुतेक थोडं लहान.

आणि तुमचा उपाय! "काढायचंय ना? मग आधी आणखी लावा." मला चेष्टाच वाटली. पण नव्या थरातलं सॉल्व्हंट, म्हणजे रबर पातळ ठेवणारं द्रावक, जुन्या थराला मऊ करतं, दोन्ही एकजीव होतात आणि जाडी आली की ओढल्यावर ते तुटत नाही, हे तुम्ही लहान मुलाला सांगावं तसं सांगितलंत. हे त्या तिघांपैकी एकालाही ठाऊक नसेल? असेलही. सांगायला थांबावं लागतं, एवढीच अडचण.

चार हात तुम्ही मलाच मारायला लावलेत, दोन हातांच्या मध्ये वाळायला वेळ देऊन. वाफेसाठी नाकावर तुमचा मास्क, आजूबाजूला ठिणगीसुद्धा नको ही ताकीद, आणि शेवटचा हात ओला असतानाच कडेची मास्किंग टेप काढायची घाई, कारण वाळल्यावर काढली तर कड फाटते. दुसऱ्या दिवशी कोपरा तुम्ही अंगठ्यानं उचललात, हातभर सोडवलात आणि माझ्या हातात दिलात. "ओढा आता तुम्ही." सबंध बोनेटचं कातडं एका दमात निघालं. खाली मूळ रंग, तसाच चकचकीत. त्या वेळी मी लहान मुलासारखा ओरडलो, ते कृपया विसरा.

माणसं चांगली असतात की वाईट, यावर मी पूर्वी बराच वाद घालायचो. हल्ली नुसता हातांकडे बघतो.

पुढच्या महिन्यात चाकांच्या रिमांवर तोच थर द्यायचा विचार आहे, या वेळी पाच-सहा हात. आणि हो, तुमची मास्किंग टेपची अर्धी रीळ माझ्याच डिकीत राहिलीय. रविवारी आणून देतो.

तुमचा,
दोन हातांत आटोपणारा