बाबांकडे स्पीकर वळवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

बाबा सांगलीला परत गेले, पण फोनवर अजून तुमचाच विषय. "त्या गृहस्थांना पत्र टाकलंस का?" असा दमच भरला त्यांनी. म्हणून आधी इथे सगळ्यांसमोर मराठीत लिहितोय. जर्मनमध्ये दुकानात येऊन वाचून दाखवीन.

तुमच्याकडे येण्याआधी हॅम्बुर्गमधल्याच दुसऱ्या एका रेकॉर्डच्या दुकानात गेलो होतो. नाव घेत नाही. बाबांच्या उजव्या कानाला यंत्र आहे, डावा जवळजवळ गेलेलाच. यंत्रावर हेडफोन चढवला की ते कुईं करून शिट्टी मारतं. जरा स्पीकरवर लावाल का, असं विचारलं, तर तिथला पोरगा म्हणाला, हेडफोन लावा, नाहीतर घरी मोबाइलवर ऐका. वर सोबत्याकडे बघून हसला. बाबांना जर्मन येत नाही, हसणं मात्र बरोबर कळलं. "चल रे, नको आपल्याला काही."

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बाबांच्या कानाकडे एकदा बघितलंत, हेडफोनची पिन उपसलीत, फळीवरचा स्पीकर खाली काढून स्टुलावर ठेवलात आणि त्याचं तोंड बाबांच्या उजव्या बाजूला वळवलंत. मग तबकडीवरची सुई उचलून परत पहिल्यापासून लावलीत. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही हातानेच थांबवलंत. कुठे कीव नाही, उपकार केल्याचा आव नाही. एवढी साधी गोष्ट माणसं का करत नाहीत, देव जाणे. मोठ्या मनाला मोठं दुकान लागत नाही, तुमचं तर दोन कपाटांएवढं.

आणि लावलंत तरी काय? हार्मोनिया हा जर्मन बँड! त्यांची ती निळ्या प्लास्टिकच्या बाटलीच्या चित्राची 1974 ची पहिली रेकॉर्ड. ("फिनेलची जाहिरात आहे का रे?" इति बाबा.) 'नॉय!' या बँडचा मिखाएल रोटर 1973 मध्ये वेझर नदीकाठच्या फोर्स्ट गावी गेला, तिथे राहणाऱ्या 'क्लस्टर' या जोडीतल्या म्योबिउस आणि र‍्योडेलिउस यांना जाऊन मिळाला, आणि तिथेच तिघांनी ही रेकॉर्ड केली. गिटार, ऑर्गन, सिंथेसायझर आणि ड्रमरच्या जागी ठेका देणारं एक यंत्र.

बाबांनी आयुष्यभर तबला सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरलाय, म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत तालाचा आधार दिलाय. दोन-चार मिनिटं ऐकून मांडीवर बोटं चालू झाली त्यांची. म्हणाले, "हे यंत्र लेहरा धरून बसलंय बघ. बाकीचे हवं तिकडे हिंडून येतात, हे जागचं हलत नाही." मी इतकी वर्षं हे संगीत ऐकतोय, असं कधी सुचलं नव्हतं. रोटर लहानपणी काही वर्षं कराचीत राहिला होता आणि तिथे कानावर पडलेल्या, न संपणाऱ्या सुरावटींबद्दल तो स्वतःच बोललाय. हे सांगितल्यावर बाबांनी मान अशी डोलावली, जणू त्यांनाच ठाऊक होतं.

त्या काळी जर्मनीत यांना फारसं कुणी विचारलं नाही. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने मात्र ओळखलं. 1974 साली तुमच्याच शहरातल्या 'फाब्रिक' या कार्यक्रमांच्या सभागृहात तो त्यांच्याबरोबर वाजवायला उभा राहिला. 1975 ला दुसरी रेकॉर्ड 'डीलक्स' आली, तीही खपली नाही. बँड संपल्यातच जमा होता, तरी 1976 मध्ये ईनो फोर्स्टला येऊन राहिला आणि सगळ्यांनी मिळून टेपा भरल्या. त्या टेपा बाजारात आल्या थेट 1997 ला! आता तेच लोक मूळ प्रतींसाठी वाटेल ते मोजतात. असो, आपल्याकडेही कलावंताची पुण्यतिथीच जोरात होते.

तुमच्याकडची मूळ प्रत महाग होती. ती खपवायची सोडून तुम्ही तिच्यावरचा चरा बोटाने दाखवलात आणि नवी, स्वस्तातली प्रत हातात दिलीत. हा धंदा तुम्हाला कसा परवडतो, हे बाबांना अजून कोडं आहे.

आता त्यांना 'डीलक्स' हवीय. त्यात 'गुरु गुरु' या बँडचा मानी नॉयमायर ड्रम वाजवतो, हे कळल्यापासून यंत्र बरं की माणूस बरा, याचा निकाल त्यांना लावायचाय. तेव्हा एक प्रत बाजूला ठेवा, मी येतोच आहे. बाबांनी तुमच्यासाठी सांगलीचं भडंग पाठवलंय. तिखट आहे, पाण्याची बाटली हाताशी असू द्या.

तुमचा,
सांगलीकरांचा मुलगा